कॉम्प्युटरचा कारभारी कोण?

बेळगावच्या शहापूरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो.

"घरात एकच कॉम्प्युटर. यजमानांचं उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे, त्यांचं टॅली आणि जीएसटीचं सगळं त्यातच. मुलगा पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला. पुतण्या इंजिनिअरिंगला, आमच्याकडेच राहतो. सासूबाई दुपारी कीर्तन लावतात. आजवर सगळे एकाच नावाने उघडत होतो, पासवर्ड नव्हताच. गेल्या महिन्यात मुलाने कसलातरी गेम फुकट मिळतोय म्हणून उतरवला. तेव्हा मध्ये एक चौकोन आला. मी शेजारी भाजी निवडत बसले होते. मराठी शाळेतली मी, इंग्रजी जोडून जोडून वाचते. 'डू यू वॉन्ट टू अलाउ धिस ॲप फ्रॉम ॲन अननोन पब्लिशर' एवढं वाचेपर्यंत त्याने येस दाबलं. दुसऱ्या दिवसापासून नको त्या जाहिराती, गूगल उघडायला गेलं की भलतंच पान. शेवटी रिपेरीवाल्याने फॉरमॅट मारला. टॅलीचा बॅकअप आठ दिवस जुना निघाला, ती बिलं मी रात्री बसून पुन्हा चढवली. आता तो म्हणतो, सगळ्यांना वेगवेगळी खाती करा आणि एकालाच ॲडमिन ठेवा. यजमान म्हणतात, मशीन माझ्या पैशाचं, घरचा कारभारी मी, ॲडमिन मीच. मुलगा म्हणतो, बाबांना पासवर्ड आठवत नाही, मला सगळं येतं, मला करा. पुतण्या काही बोलत नाही, पण त्याला दर आठवड्याला नवीन काहीतरी टाकायचं असतं. कोणाला करू? आणि एका घरात अशी वेगळी खाती म्हणजे वेगळी चूल मांडल्यासारखं नाही का होत? हे सगळं करायला परत त्याच माणसाला बोलवावं लागेल का?"

ताई, तुमच्याकडचं निम्मं भांडण शब्दाचं आहे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे कारभारी, हे यजमानांनी अगदी बरोबर ओळखलं. पण आपल्याकडे कारभारी म्हटलं की घरधनी डोळ्यांसमोर येतो आणि प्रश्न मानाचा होऊन बसतो. विंडोजला मानापानाचं काही नसतं. तिथे खाती दोन जातीची. स्टँडर्ड खात्यातला माणूस कॉम्प्युटर वापरतो. ॲडमिन खात्यातला माणूस कॉम्प्युटर बदलू शकतो: सगळ्यांसाठी सॉफ्टवेअर टाकणं, ड्रायव्हर (प्रिंटर, स्कॅनर ओळखायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर) बसवणं, अँटिव्हायरस बंद करणं, दुसऱ्याचं खातं काढून टाकणं, दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये शिरणं, अगदी घड्याळाची तारीख बदलणंसुद्धा. (तारीख मागे घेऊन ट्रायलची सॉफ्टवेअरं चालवणारे महाभाग मी आपल्या गावात पुष्कळ पाहिलेत. स्टँडर्ड खात्यात तो धंदा बंद होतो.)

आता गोम इथे आहे. ॲडमिन खात्यात जो बसतो, त्याने उघडलेला प्रोग्रॅमही त्या चौकोनावर एक येस मिळाला की ॲडमिनचा अधिकार घेऊन चालतो. म्हणजे मुलाने गेम टाकला तेव्हा अधिकार मुलाला मिळाला नव्हता, गेमबरोबर आलेल्या पाहुण्याला मिळाला होता. त्याने ब्राउझर बदलला, जाहिराती लावल्या, आणि कोणी अडवलं नाही, कारण घरच्याच माणसाने त्याला दार उघडून दिलं होतं.

तो चौकोन नीट समजून घ्या, सगळं त्यात आहे. ॲडमिन खात्यात असाल तर तो फक्त येस की नो एवढंच विचारतो. स्टँडर्ड खात्यात असाल तर तोच चौकोन ॲडमिन खात्याचं नाव दाखवतो आणि पासवर्ड मागतो. येसवर बोट विचार न करता जातं. पासवर्ड घालायचा तर माणसाला थांबावं लागतं, आणि दुसऱ्याकडे असेल तर हाक मारावी लागते. एवढाच फरक, पण तुमची ती आठ दिवसांची बिलं त्या फरकाने वाचली असती.

विंडोज एक्सपीच्या काळात हा चौकोनच नव्हता. घरातले सगळे जन्मजात ॲडमिन. २००७ साली व्हिस्टा आलं आणि त्याने उठता-बसता विचारायला सुरुवात केली. लोक इतके वैतागले, की मी स्वतः दुकानात आलेल्या मशीनवर तो चौकोन बंद करून द्यायचो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. ते पाप माझ्या खात्यावर आहे. विंडोज ७ पासून त्याला वर-खाली करायची पट्टी आली. तुमच्या रिपेरीवाल्याने ती खाली ओढून ठेवलेली नाही ना, ते बघा: स्टार्टमध्ये यूएसी (यूजर अकाउंट कंट्रोल, त्या चौकोनाचं इंग्रजी नाव) एवढं टाइप केलं की ती पट्टी उघडते. अगदी तळाला असेल तर वरून दुसऱ्या खुणेवर आणा. तळाला राहिली तर ॲडमिन खात्यात काही न विचारता सगळं घुसतं, आणि स्टँडर्ड खात्यात उलटं, काही न विचारता सगळं नाकारलं जातं. मग सॉफ्टवेअर का बसत नाही म्हणून माणूस तास घालवतो.

तर कोणाला करायचं? माझं उत्तर: कोणालाच नाही. यजमानांना नाही, मुलाला नाही, पुतण्यालाही नाही. एक वेगळं खातं करा, ज्यात कोणी रोज बसत नाही, ज्यात फोटो नाहीत, मेल नाही, टॅली नाही. त्याला नाव द्या 'किल्ली'. तेवढंच ॲडमिन. बाकी चौघंही स्टँडर्ड, यजमान धरून. मी वीसेक वर्षं हेच काम करतोय आणि माझं रोजचं खातंही स्टँडर्डच आहे, हे यजमानांना जरूर सांगा, त्यांना थोडं बरं वाटेल.

आणि त्या किल्लीचा पासवर्ड तुमच्याकडे. हे मी तुम्हाला खूश करायला म्हणत नाही. अख्ख्या पत्रात तो चौकोन वाचणाऱ्या तुम्ही एकट्या आहात. जोडून जोडून का होईना, 'अननोन पब्लिशर' हे दोन शब्द तुम्ही टिपलेत, आणि त्या चौकोनातले कामाचे शब्द तेवढेच. तिथे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचं नाव दिसलं आणि ते तुम्ही मागवलेलंच असलं तर पुढे जा. 'अननोन' दिसलं की थांबा आणि विचारा. तुमच्या मुलाबद्दल आपल्या बोलीत सांगायचं तर, त्याला येतंय सगळं, खरं वाचत न्हाई. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'.)

आता करायचं कसं. इथे क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. बहुतेक जण काय करतात, जुनं खातं ॲडमिन ठेवतात आणि स्वतःसाठी नवं स्टँडर्ड खातं काढतात. मग डेस्कटॉपवरच्या फायली तिकडे, मेल तिकडे, साठवलेले पासवर्ड तिकडे, आणि दोन दिवसांत माणूस कंटाळून जुन्यात परत जातो. तुम्ही उलटं करा. आत्ता जे खातं आहे ते यजमानांचंच राहू दे, सगळं जिथल्या तिथे. फक्त त्याच्या शेजारी किल्ली नावाचं नवं खातं काढायचं.

सेटिंग्जमध्ये जा, तिथे अकाउंट्स. विंडोज ११ असेल तर अदर यूजर्स, १० असेल तर फॅमिली अँड अदर यूजर्स. नवीन खातं जोडायचं बटण दाबलं की ते ईमेल मागतं. तिथे खालच्या बारीक अक्षरांत, या माणसाची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही, अशा अर्थाची ओळ आहे, ती दाबा. पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय यूजर जोडा, अशी ओळ येते, ती दाबा. नाव, पासवर्ड आणि तीन गुप्त प्रश्नांची उत्तरं भरा. नवं खातं आपोआप स्टँडर्डच बनतं. मग त्या खात्यावर क्लिक करून चेंज अकाउंट टाइपमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर निवडा.

लगेच पुढे पळू नका. यजमानांच्या खात्यातून साइन आउट करा, किल्लीमध्ये एकदा आत या, पासवर्ड चालतोय ना ते बघा. पहिल्यांदा दोन-चार मिनिटं ते 'हाय' वगैरे म्हणत बसेल, बसू दे. आत आल्यावर त्याच अदर यूजर्सच्या यादीत यजमानांचं खातं दिसेल. त्याचा प्रकार आता स्टँडर्ड करा. इथेच मुलाचं, पुतण्याचं आणि सासूबाईंचं खातं काढून घ्या. यजमानांच्या खात्यालाही पासवर्ड घाला, नाहीतर कोणीही त्यातच जाऊन बसेल. त्यांना तो आठवत नसेल तर चार आकडी पिन द्या, मोबाइलला असतो तसा.

चुकून यजमानांना आधी खाली उतरवलं आणि किल्ली करायची राहिली तर? घाबरू नका, एकटाच ॲडमिन उरला असेल तर विंडोज त्याला सहसा उतरू देत नाही. खरा घोटाळा वेगळ्याच ठिकाणी होतो, आणि तो मी स्वतः केलाय. माझ्या घरच्या मशीनवर असंच खातं काढलं, मोठ्या हौसेने अवघड पासवर्ड घातला आणि कुठेही लिहून ठेवला नाही, कारण पासवर्ड लिहायचा नसतो असं मीच लोकांना शिकवायचो. चार महिन्यांनी स्कॅनरचा ड्रायव्हर टाकायला गेलो तर काही केल्या आठवेना. तेव्हा ते गुप्त प्रश्नही नव्हते. अख्खा रविवार गेला आणि शेवटी स्वतःचंच मशीन फॉरमॅट मारलं. बायको अजून ऐकवते. म्हणून किल्लीचा पासवर्ड कागदावर लिहा, आणि दागिन्यांची डबी जिथे असते तिथे तो कागद ठेवा. घरात चोर शिरला तर तो कॉम्प्युटरच उचलून नेईल, कागद वाचत बसणार नाही. यजमानांना जागा सांगून ठेवा. म्हणजे कारभार त्यांचाच राहिला, फक्त किल्ली कपाटात गेली.

आता एक गोष्ट, जी रिपेरीवाले सांगत नाहीत. तुमच्या मशीनला सी आणि डी असे दोन ड्राइव्ह असणार, आणि फॉरमॅटनंतर टॅलीचा डेटा आता डीवर ठेवलेला असणार. सगळीकडे तसाच असतो, फॉरमॅट मारला तरी डी वाचतो म्हणून. वेगवेगळी खाती केल्यावर प्रत्येकाचा स्वतःच्या नावाचा फोल्डर सी ड्राइव्हवर बनतो आणि तिथे दुसऱ्या स्टँडर्ड माणसाला शिरता येत नाही. पण डी ड्राइव्ह मुळात सगळ्यांना उघडा असतो. मुलाच्या खात्यातून आत जाऊन टॅलीचा फोल्डर कोणीही बदलू शकतो, पुसूही शकतो. आणि मुलाला तसं करायचं नसलं तरी त्याने उघडलेला एखादा वाईट प्रोग्रॅम मुलाच्याच अधिकारात चालतो, म्हणजे डीवर जे मुलाला करता येतं ते त्यालाही करता येतं. फायली कुलूपबंद करून पैसे मागणारे जे प्रोग्रॅम असतात, त्यांना ॲडमिन व्हायची गरजच पडत नाही. फायली बदलायची परवानगी पुरते.

म्हणून टॅलीचा डेटा यजमानांच्या नावाच्या फोल्डरात हलवा आणि टॅलीला नवी जागा सांगा. किंवा डीवरच ठेवायचा तर त्या एका फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, तिथे वारसा बंद करायचं बटण आहे (विंडोज त्याला इनहेरिटन्सच म्हणतं, वाटणीपत्रातला शब्द). ते दाबून आताच्या परवानग्या तशाच ठेवायचा पर्याय घ्या, मग यादीत यजमानांचं नाव जोडून त्यांना पूर्ण परवानगी द्या, आणि त्यानंतर 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' आणि 'यूजर्स' या दोन ओळी काढून टाका. सिस्टिम आणि ॲडमिनिस्ट्रेटर्स या ओळींना हात लावू नका. हे दुसरं काम जरा नाजूक आहे. अकाउंटंटला फोन लावून पहिलंच करा.

आणि बॅकअप. यजमानांच्या खात्यात यजमानांनीच चुकीचं काही उघडलं तर स्टँडर्ड खातंसुद्धा त्यांचा डेटा वाचवू शकत नाही. आठवड्यातून एकदा पेन ड्राइव्हवर घ्या आणि पेन ड्राइव्ह काढून ठेवा. लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे, तोही त्याच चुलीत जळतो.

पुतण्याचं काय? तो बोलत नाही, पण खरी गरज त्याचीच आहे. त्याला सांगा, तुझं निम्मं काम किल्लीशिवाय होईल. पायथन आणि व्हीएस कोड ही प्रोग्रॅमिंगची दोन्ही सॉफ्टवेअरं फक्त स्वतःच्या खात्यापुरती टाकता येतात, पासवर्ड लागत नाही. पायथन टाकताना ॲडमिनचे अधिकार मागणारी खूण असेल तर ती काढायची, बस. अर्डुइनो नावाच्या सर्किट बोर्डाचा ड्रायव्हर वगैरे असेल तेव्हा तुम्हाला हाक मारेल. तुम्ही हातातलं ठेवून यायचं, चौकोन वाचायचा, पासवर्ड घालायचा. त्याच्या खात्यातून बाहेरही पडावं लागत नाही. फक्त पासवर्ड त्याला सांगायचा नाही, फोनवरून तर मुळीच नाही. एकदा सांगितला की किल्ली त्याची झाली.

त्याला आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाका: किल्लीतून तुम्हाला सगळ्यांचे फोल्डर उघडता येतात. तुम्ही उघडणार नाही हे मला माहीत आहे, पण एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला ते तुमच्याकडून कळलेलं बरं.

मुलगा रुसेल. त्याला दुसरं काम द्या. शाळेचं, कॉलेजचं कन्नड टायपिंग लागतं, त्यासाठी नुडी कधीतरी टाकावी लागेल. बाबांना मराठी, त्याला कन्नड, असे कीबोर्ड प्रत्येकाच्या खात्यात वेगळे लावता येतात. कोणत्या खात्यात काय हवं याची यादी त्याला करायला सांगा आणि तुम्ही पासवर्ड घालून द्या. नवं काही टाकायचं असेल तर कुठून उतरवलं एवढं तुम्हाला तोंडी सांगायचं. गेमसाठी मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं स्टोअर आहे, तिथले पुष्कळ प्रकार पासवर्डशिवायही बसतात. किती वेळ खेळायचं हा वेगळा विषय, तो पुन्हा कधीतरी.

सासूबाईंच्या खात्याला पासवर्ड नको. स्टँडर्ड आहे, घरात आहे, आत कीर्तनच आहे. मात्र विंडोजची दिसायची भाषा मराठी करून द्या, एवढ्या एका खात्यापुरती ती करता येते. माझ्या आईला ते करून दिल्यावर तिने पहिल्यांदा 'बंद करा' स्वतः दाबलं. त्याआधी ती सरळ भिंतीवरचं बटण बंद करायची.

चुलीचं विचारलंत ते. एका चुलीवरच्या घरातही प्रत्येकाच्या कपड्यांचा खण वेगळाच असतो, ताई. कॉम्प्युटर एकच, इंटरनेट एकच, प्रिंटर एकच, टाकलेलं सॉफ्टवेअर सगळ्यांना मिळतं. वेगळे होतात ते खण. उलट आजवर सगळे एकाच खणात कोंबत होता, म्हणून सासूबाईंच्या यूट्यूबवर कीर्तनाच्या मध्येच मुलाचे गेमचे व्हिडिओ येत असणार.

रिपेरीवाल्याला बोलवायची गरज नाही, वरचं सगळं अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. फक्त यादी उघडाल तेव्हा एक बघा: अदर यूजर्समध्ये तुम्ही न केलेलं एखादं खातं, 'ॲडमिन' किंवा 'यूजर' अशा नावाचं, पडलेलं आहे का? काही जण कामाच्या सोयीसाठी करतात आणि काढायला विसरतात. त्याच्या समोर ॲडमिनिस्ट्रेटर लिहिलेलं असेल तर रिपेरीवाल्याला फोन करून विचारा, आत काही नाही याची खात्री करा आणि काढून टाका. तसंच लांबून मशीन चालवायचं एखादं सॉफ्टवेअर ठेवून गेला असेल तर तेही. आणि मशीन अजून विंडोज १० वर असेल तर त्याची नेहमीची मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आहेत. ११ चालेल का, ते त्याला त्याच फोनवर विचारून घ्या.

टॅलीचा डेटा हलवायचं काम तेवढं महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास काढू नका. जीएसटीच्या त्या दिवसांत तुमचा अकाउंटंट फोन उचलणार नाही.